शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला कॉम्प्युटरवर चालणारा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) आर्डुइनोवर करता येईल का?

होतोय की! आम्ही चौघांनी कोल्हापुरात शिकताना हाच केला होता, आणि पहिले दोन महिने नको तिथे घालवले. स्क्रीनवरची हिरवी रेघ, नॉब, मेनू असलं सजवत बसलो. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) आले, त्यांनी स्क्रीनकडे ढुंकूनही बघितलं नाही. एकच प्रश्न: "किती फ्रिक्वेन्सीपर्यंत चालतो?"

ते गणित आधी मांडा. आर्डुइनो उनो या बोर्डाचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) मूळ सेटिंगला सेकंदाला साधारण 9,600 सॅम्पल, म्हणजे मोजमापं, घेतो. वेव्हचा आकार ओळखू यायला एका सायकलला दहा तरी सॅम्पल लागतात, म्हणजे 1 किलोहर्ट्झच्या आतच खेळ. प्रीस्केलर (एडीसीचा वेग ठरवणारा भागाकार) 128 वरून 16 वर आणला तर सॅम्पल 77 हजारांवर जातात, अचूकता जरा घटते. पण मग कॉम्प्युटरला डेटा पाठवणारा सिरिअल पोर्ट आडवा येतो: 1,15,200 बॉडच्या वेगाला सेकंदाला 11,520 बाइट, बास. म्हणून सॅम्पल आधी रॅममध्ये भरायचे, मग सावकाश पाठवायचे. उनोची रॅम 2 किलोबाइट, त्यात 8 बिटांचे हजारभर मावतात. आज मी असतो तर उनोऐवजी सरळ रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड घेतला असता: 12 बिट, सेकंदाला 5 लाख सॅम्पल, 264 किलोबाइट रॅम. फक्त इनपुट 3.3 व्होल्टच्या वर नको.

खरा घाम इनपुट सर्किटला गळतो. व्होल्टेज दहापट कमी करायला 900 आणि 100 किलोओहमच्या रेझिस्टरचा डिव्हायडर, निगेटिव्ह भाग वर उचलायला 2.5 व्होल्टचा ऑफसेट (हे उनोचं, पिकोला 1.65), जादा व्होल्टेज अडवायला क्लॅम्प डायोड, आणि एडीसीच्या आधी ऑपअँप आयसीचा बफर. बफर गाळू नका, उनोच्या एडीसीला 10 किलोओहमच्या आतला सोर्स लागतो, डिव्हायडर त्याहून बराच जास्त आहे. आम्ही हाताशी होता म्हणून एलएम358 हा ऑपअँप लावला. साइन वेव्हचं डोकं साडेतीन व्होल्टला सपाट! राजारामपुरीतल्या रूमवर रात्रभर कोडमधली चूक शोधत बसलो. चूक कोडात नव्हतीच. 5 व्होल्ट सप्लायवर त्या आयसीचं आउटपुट त्याच्या वर चढत नाही. त्याजागी एमसीपी6002 हा ऑपअँप बसवला आणि डोकं गोल झालं.

घरातले 230 व्होल्ट थेट जोडायचे नाहीत. यूएसबीचं ग्राउंड तेच लॅपटॉपचं ग्राउंड, म्हणजे मेन्स थेट लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो. डेमोला 6-0-6 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर वापरा.

डबा सगळ्यात शेवटी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा वाकवून घ्या आणि तो सर्किटच्या ग्राउंडला जोडा. प्रोब मोकळा असताना दिसणारी 50 हर्ट्झची लाट बरीच बसते.