काळी माती, तडकलेली भिंत आणि सिम्युलेशन

प्रश्न विचारणारा भाऊ सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव दर्यापूर तालुक्यात. घर काळ्या मातीवर. उन्हाळ्यात भिंतीला भेग पडते, पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं. मातीतल्या अणूंपासून सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) सुरू करून भिंत किती हलेल ते थेट काढता येईल का, असं तो विचारतो. जवळ ८ जीबीचा लॅपटॉप आहे.

थेट नाही, भाऊ. आधी हिशोब पाहा. मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये संगणक अणूंना एका वेळी साधारण १ फेम्टोसेकंद पुढे सरकवतो. म्हणजे १ मायक्रोसेकंदासाठी (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागासाठी) १०० कोटी पावलं, आणि तुम्हाला तर अक्षय तृतीयेपासून पोळ्यापर्यंतची माती पाहायची आहे! पुन्हा १ ग्रॅम पाण्यातच रेणू ३३ वर २१ शून्यं इतके. मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये द्रवरूप आर्गॉनचं सिम्युलेशन केलं ते ८६४ अणूंवर. आज लाखो अणू सहज चालतात, तरी वावरातल्या ढेकळाचा कोपराही त्यात मावत नाही.

म्हणून हे काम मजल्यामजल्यानं करतात. खालच्या मजल्यावरचा एखाददुसरा आकडा वर न्यायचा, बाकी पसारा खालीच ठेवायचा. कोणता आकडा न्यायचा हे ओळखण्यातच सगळं कसब आहे.

क्वांटमचा, म्हणजे अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या गणिताचा, तळमजला तुम्ही सोडा, ती मेहनत दुसऱ्यांनी करून ठेवली आहे. क्लेएफएफ नावाचं फोर्स फील्ड २००४ पासून उपलब्ध आहे. चिकणमातीतल्या अणूंचे विद्युतभार आणि त्यांची आपसातली ओढ त्यात भरलेली आहे.

त्याच्या वरचा मजला तुमच्या कामाचा. काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट म्हणजे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे. त्यांच्यावर ऋणभार, म्हणून मध्ये सोडियम नाहीतर कॅल्शियमचे आयन (भारित अणू) बसतात आणि ते पाणी ओढतात. कोरडं असताना एका पापुद्र्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर १० अँगस्ट्रॉमच्या (म्हणजे १ नॅनोमीटरच्या) आसपास असतं. पाण्याचा एक थर शिरला की १२ च्या वर, दोन शिरले की १५ च्या जवळ. कॅल्शियम पापुद्र्यांना धरून ठेवतं, फार फाकू देत नाही. सोडियम असलं आणि पाणी गोडं मिळालं की ते सुटतच जातात.

आता तुमचा तालुका खारपाणपट्ट्यातला. तिथं सोडियम जास्त. जिप्सम टाकतात ते त्यातल्या कॅल्शियमसाठीच. आमच्या वर्ध्याकडच्या काळ्या मातीत बहुतेक कॅल्शियमच असतं. म्हणजे रंग तोच, चिकटपणा तोच, पण इनपुट फाइल वेगळी. कुणाची तयार फाइल उचलणार असाल तर आधी आयन कोणता ते उघडून बघा. माती परीक्षणाला नमुना द्याल तेव्हा ईएसपी मुद्दाम मागून घ्या. मातीला चिकटलेल्या सोडियमची ती टक्केवारी, आणि साध्या अहवालात ती बहुधा नसते.

आता माझी फजिती सांगतो. १० चे १५ झाले म्हणजे फुगवटा ५० टक्के, असं धरून मी तो आकडा सरळ पायाखालच्या १ मीटर मातीला लावला होता. स्क्रीनवर घर अर्धा मीटर वर गेलं. प्रत्यक्षात दार फक्त घासत होतं! मधला मजलाच मी गाळला होता. माती म्हणजे नुसतं मॉन्टमोरिलोनाइट नाही; तिच्यात रेती आहे, गाळ आहे, चुनखडीचे खडे आहेत. शिवाय माती फुगते तेव्हा आधी उन्हाळ्यातल्या भेगा बुजतात, उरलेलं वर येतं. वरून घराचं ओझं असतंच. मधल्या मजल्याची ही गणितं आजही सर्वांत कच्ची आहेत, असं माझं मत.

तिथं संगणकापेक्षा दोन काचेची मोजपात्रं कामाची. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग ४० मधली चाचणी घरीही जमते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली वाळवलेली माती, १०-१० ग्रॅम, १०० मिलिलिटरच्या दोन पात्रांत टाका. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून दोघांतला फरक भागिले रॉकेलमधलं माप गुणिले १०० हा तुमचा मुक्त फुगवटा. हा आकडाही सरळ पायाखाली लावू नका, नाहीतर माझ्यासारखंच व्हायचं. माती किती तापट आहे ते त्यावरून कळतं.

भिंतीसाठी फाइनाइट एलिमेंट, म्हणजे भिंत छोट्या तुकड्यांत वाटून गणित करायची पद्धत. त्यासाठीचा कॅल्क्युलिक्स हा प्रोग्राम फुकट आहे. तापमानानं वस्तू प्रसरण पावते ती सोय वापरून ओलाव्याचा फुगवटा घालता येतो, जुनीच युक्ती आहे. घराखाली मधोमध ओल टिकते आणि कडेची माती सुकते, तेव्हा सगळीकडे सारखा ओलावा धरू नका. भेग त्या फरकानंच पडते.

अणूंचं काम लॅम्प्स या मॉलिक्युलर डायनॅमिक्सच्या प्रोग्राममध्ये करा. काही हजार अणू तुमच्या लॅपटॉपला झेपतील. रीस्टार्ट फाइल (जिच्यावरून थांबलेलं गणित पुढे चालू करता येतं) मात्र थोड्याथोड्या पावलांनी लिहायला लावा. रात्रभर चाललेलं गणित पहाटे लाइन गेली की कसं वाया जातं, ते तुम्हाला मी काय सांगू.

ईएसपी आणि दोन्ही पात्रांची मापं इथं टाका. भेग कोणत्या कोपऱ्यात आहे, तिरपी की उभी, तेही लिहा. मग भिंतीची फाइल लावून बघू.