पहिलं कॉमिक आठ पानांचंच करा

दोनशे पानांची गाथा डोक्यात आहे ना? राहू द्या तिथेच. आधी आठ पानांत संपणारी एक गोष्ट काढा. दोन ए-फोर कागद मधोमध दुमडले की ए-फाइव्ह आकाराची आठ पानं होतात. त्यातली दोन मुखपृष्ठ-मलपृष्ठाला गेली, म्हणजे गोष्टीला उरली सहाच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- चित्र पूर्ण करतात आणि मग संवादाचा फुगा कोंबतात. आधी पेन्सिलीने अक्षरं लिहा, त्याभोवती फुगा काढा, उरलेल्या जागेत चित्र. आपल्या लिपीत वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा लागते, ओळी सैलच ठेवा.
- चित्र कडेपर्यंत नेतात. झेरॉक्स मशीन कडेची पट्टी खातं. सेंटिमीटरभर समास सोडा.

आणि कच्ची प्रत कराच! कोऱ्या कागदांची घडी घाला, पानांवर आकडे टाका, मग उलगडून बघा. आठव्या पानाशेजारी पहिलं येतं. हे न करता छापायला गेलात तर गोष्टीची खिचडी ठरलेली.

रंग, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), चित्रं काढायचा महागडा टॅब्लेट सगळं नंतर. काळी शाई पुरे. वीसेक प्रती काढा, घडीवर दोन पिना मारा (लांब हाताचा स्टेपलर लागतो, बाइंडिंगवाल्याकडे विचारा) आणि वाटायला लागा.