वाचकांचे प्रश्न : मुरलेल्या खाऱ्या टाकीत नवा मासा सोडताना

प्रश्न : माझ्याकडे सुमारे ३०० लिटरची, चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी दोन वर्षांपासून चालू आहे. तीत क्लाउनफिशची जोडी, एक निळा डॅमसेल आणि दोन क्लीनर कोळंब्या आहेत. आठ महिन्यांपूर्वी सोडलेला एक मासा आठवडाभरात अंगावर पांढरे ठिपके येऊन मेला. जुन्या माशांवरही थोडे ठिपके आले होते, पण ते आपोआप गेले. आता पावडर ब्ल्यू टँग आणण्याचा विचार आहे. दुकानदाराच्या मते पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून मासा सोडला की पुरे, आणि ठिपके आलेच तर कोळंब्या ते खाऊन टाकतील. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पिशवी तरंगत ठेवल्याने फक्त दोन्हीकडच्या पाण्याचे तापमान सारखे होते. त्यापलीकडचा कोणताही प्रश्न त्याने सुटत नाही. कोळंब्यांबद्दलचा समज तर सोडूनच द्यावा, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, म्हणजे क्रिप्टोकॅरियन, माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसलेला असतो आणि तिथपर्यंत कोळंबीची पोहोच नसते.

आपल्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते ‘आपोआप गेले’ हे दोन शब्द. हा परजीवी माशाच्या अंगावर साधारण तीन ते सात दिवस राहतो, मग गळून वाळूवर किंवा दगडावर पुटी, म्हणजे स्वतःभोवती कवच, करतो आणि त्या पुटीतून काही दिवसांनी, कधी कधी काही आठवड्यांनी, नवी पिल्ले बाहेर पडून पुन्हा मासा शोधतात. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले म्हणजे रोग गेला असे होत नाही. जुन्या माशांमध्ये काही प्रमाणात प्रतिकारशक्ती तयार होते आणि परजीवी त्यांच्या कल्ल्यांमध्ये कोणाच्या लक्षात न येता तग धरून राहू शकतो. मग नवा मासा कितीही निरोगी आणला, तरी प्रवासाने थकलेल्या त्या जिवाला आपल्याच टाकीत लागण होऊ शकते. म्हणून केवळ नव्या माशाला वेगळे ठेवणे हा आपल्या बाबतीत अर्धाच उपाय ठरेल.

पूर्ण उपाय कष्टाचा आहे, पण माझा आग्रह त्यासाठीच राहील. जुने तिन्ही मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत तांब्याच्या औषधावर ठेवावेत आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना चालू ठेवावी. यजमान न मिळाल्याने त्या काळात पुट्यांमधून निघणारी पिल्ले मरून जातात. कोळंब्या आणि जिवंत दगड, म्हणजे ज्यांच्यावर उपयुक्त जिवाणू वसलेले असतात ते दगड, मात्र मुख्य टाकीतच राहू द्यावेत, कारण तांबे कोळंब्यांना घातक असते आणि दगड व वाळू ते शोषून घेतात. याच कारणाने औषधाच्या टाकीत वाळू न घालता लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवावेत. हीटर, स्पंज फिल्टर आणि अमोनिया मोजण्याचे किट एवढी सामग्री पुरते. औषधाची मात्रा अंदाजाने न देता तांबे मोजणाऱ्या किटने रोज तपासावी, कारण हे औषध पोहणाऱ्या पिल्लांवरच चालते आणि पातळी मध्येच घसरली तर सगळे दिवस नव्याने मोजावे लागतात. उपचार सुमारे तीस दिवसांचा असतो; उरलेले दिवस मासे तिथेच औषध नसलेल्या खाऱ्या पाण्यात राहू शकतात.

नवा मासाही अशाच दुसऱ्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवावा. दुकानांत पाण्याची क्षारता बऱ्याचदा मुद्दाम कमी ठेवलेली असते. म्हणून रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे क्षारता मोजण्याच्या उपकरणाने, तिथले पाणी मोजून आपली विलगीकरणाची टाकी आधीच तेवढ्यावर आणावी आणि मग क्षारता दाखवणारी पाण्याची विशिष्ट घनता रोज ०.००२ याहून जास्त न वाढवता १.०२५ पर्यंत न्यावी. मासा दूरच्या गावाहून बंद पिशवीत आला असेल, तर पिशवी उघडून थेंब थेंब पाणी सोडत तासभर बसू नये. बंद पिशवीत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू (पीएच) उतरलेला असतो आणि तोवर माशाच्या उत्सर्जनातला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. तापमान जुळले की जाळीने मासा उचलून लगेच सोडावा आणि पिशवीतले पाणी ओतून टाकावे.

राहिला पावडर ब्ल्यू टँग. हा हिंदी महासागरातला देखणा मासा वीस सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, दिवसभर पोहत राहतो आणि पांढऱ्या ठिपक्यांना बळी पडण्यात तर त्याचा हात कोणी धरणार नाही. चार फुटी टाकीसाठी मी त्याची शिफारस करणार नाही. त्याऐवजी रॉयल ग्रामा घ्यावा. तो लहान राहतो आणि दगडाच्या एखाद्या कपारीवर समाधान मानतो.

प्रश्न : माझा डॅमसेल कोणत्याही नव्या माशावर धावून जातो. त्याला कसे आवरावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : डॅमसेल स्वतःची हद्द राखत असतो, तेव्हा आधी ती हद्दच मोडावी. नवा मासा सोडण्याच्या दिवशी दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या रहिवाशालाही घर नव्याने शोधावे लागते. त्यानंतर नव्या माशाला भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात, टाकीच्या आतच, चार-पाच दिवस ठेवावे. दोघे एकमेकांना पाहतात, पण चावा घेता येत नाही. डॅमसेल काचेवर धडका देणे थांबवील, तेव्हाच डबा उघडावा, तोही दिवे मालवून आणि जुन्या माशांना पोटभर खाऊ घालून. तरीही त्याने पाठलाग सोडला नाही, तर डॅमसेललाच काही दिवस त्या डब्यात ठेवून पाहावे. टाकीवर बारीक जाळीचे झाकण मात्र पहिल्या रात्रीपासून हवे, कारण पाठलागाने घाबरलेला मासा पाण्याबाहेर उडी घेतो आणि सकाळी जमिनीवर सापडतो.