मुलीला रग्बी खेळू द्यावं का? डोक्याला मार लागण्याची भीती वाटते.

तुमची मुलगी १२ वर्षांची, टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) नुकतंच शिकतेय, आणि पॅडवाली टोपी घेऊन दिली की पुरे, की खेळच बंद करावा, असं तुम्ही विचारलंय. मी लहान मुलांच्या संघांबरोबर मैदानाच्या कडेला प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभा असतो. माझं मत विचाराल तर खेळ बंद करू नका, पण टोपीवर विसंबूही नका.

टोपीमुळे कान सोलवटत नाहीत, खोक पडायची शक्यता कमी होते. ज्या खेळांत कडक हेल्मेट असतं तिथे कवटीही वाचते. पण कन्कशन म्हणजे कवटीच्या आत मेंदूला बसलेला हिसका. तो बाहेरच्या कवचाने थांबत नाही. छातीवर जोराचा टॅकल बसून मान झटकली गेली, डोक्याला काही लागलंच नाही, तरी कन्कशन होऊ शकतं. त्यात सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, कारण तो रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर शोधायला असतो. “रिपोर्ट नॉर्मल आहे, मग रविवारी खेळेल ना?” असं कुणी विचारलं की मला धडकीच भरते.

बेशुद्ध पडली नाही म्हणजे काही झालं नाही, असंही समजू नका. शुद्ध थोड्याच मुलांची हरपते. बाकीची गोंधळतात: स्कोअर विचारला तर उत्तर उशिरा येतं, चालताना तोल जातो, उजेड सहन होत नाही, उगाच रडू येतं. आणि संघातून काढतील म्हणून लपवतात, अगदी सराईतपणे. पायाने खेळायच्या फुटबॉलमध्ये तर कन्कशनचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आढळलंय.

मला पहिल्या फटक्यापेक्षा जास्त भीती वाटते ती त्यानंतर लगेच मैदानात परतण्याची. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लायस्टेट हा १३ वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉल (रग्बीसारखाच, पण हेल्मेट घालून खेळायचा खेळ) खेळताना डोक्यावर आपटला, थोडा वेळ बाहेर बसला आणि उत्तरार्धात पुन्हा उतरला. सामना संपल्यावर तो कोसळला. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण गंभीर अपंगत्व आलं. २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला: संशय आला की मूल बाहेर, आणि आरोग्य व्यावसायिकाने लेखी परवानगी दिल्याशिवाय परत नाही. पुढे तिथल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले.

वर्षानुवर्षं बसणाऱ्या लहान फटक्यांचा प्रश्न वेगळा. तिशीच्या आत वारलेल्या १५२ खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यातल्या ६३ जणांना सीटीई हा मेंदू झिजवणारा आजार होता. अर्थात शंका होती म्हणूनच बऱ्याच कुटुंबांनी ते मेंदू दान केले असणार, त्यामुळे हा आकडा सगळ्या खेळाडूंना लावू नका. तरी लहान वयात फटके जितके कमी तितकं बरं. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने (हा आपला नेहमीचा, पायाने खेळायचा फुटबॉल) १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, बंद केलं ते यासाठीच.

मार लागलाच तर त्या दिवसाचा खेळ संपला. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, जाग न येण्याइतकी झोप, हातापायात अशक्तपणा, मानदुखी, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. एरवी एक-दोन दिवस विश्रांती आणि मोबाईल कमी. पण आठवडाभर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायची जुनी पद्धत आता सांगत नाहीत. मग हलकं चालणं, शाळा, आणि शाळा पूर्ण जमू लागल्यावरच टप्प्याटप्प्याने टॅकल. बहुतेक मुलं महिन्याभरात बरी होतात.

टोपीच्या पैशांत चांगला माउथगार्ड घ्या, दात तरी वाचतील. आणि कोचला विचारा: सरावात टॅकल किती वेळ असतं, डोकं कुठे ठेवायचं ते आधी शिकवता का, आणि मुलीला बाहेर काढायचं कोण ठरवतं? “तिला बरं वाटलं की ती सांगेलच” असं उत्तर आलं तर दुसरा क्लब बघा.