डेबियनमधे थाई, जपानी, हिब्रू असल्या नको त्या भाषा भरल्यात, काढल्या तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा की ३२ जीबीच्या छोट्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हने डेबियन (विंडोजसारखी फुकटची लिनक्स सिस्टिम) टाकलं, आता ३ जीबी उरलेत, अन् मेनू उघडला की थाई टर्मिनल, जपानी टायपिंग, हिब्रू कॅलेंडर असलं काय काय दिसतं, ते उडवलं तर सिस्टिम बसेल का. नाही बसणार भो, उडवा. पण त्यातून फार जागा मिळेल ही आशा सोडा, अन् एक गोष्ट चुकूनही काढू नका, ती पुढे सांगतो कारण मी ती काढून बसलेलो आहे.

अमळनेरला माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, दोन जुन्या मशीनवर डेबियनच चालतं. तुमच्यासारखंच लाइव्ह इमेजवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच थेट चालणाऱ्या तयार डेबियनवरून टाकलेलं. ही लाइव्ह इमेज अख्ख्या जगासाठी एकच बनवतात म्हणून तिच्यात सगळ्यांचा बाजार भरलेला असतो, अन् तिथून इन्स्टॉल केलं की तो जशाच्या तसा तुमच्या डिस्कवर उतरतो. साधा इन्स्टॉलर वापरला असता तर त्याने सुरुवातीलाच भाषा विचारली असती अन् तेवढंच टाकलं असतं. झालं ते झालं. सिनॅप्टिक (प्रोग्राम टाकायचं-काढायचं ॲप) उघडा, मोझ्क अन् अँथी (ही जपानी टायपिंगवाली), थाईवालं टर्मिनल असं एकेक शोधून काढायला मार्क करा. लावायच्या आधी सिनॅप्टिक दाखवतं की याच्यासोबत अजून काय काय जाणार आहे, ती यादी नीट वाचा, त्यात तुमच्या डेस्कटॉपचं नाव दिसलं तर कॅन्सल मारून परत बघा. लोक इथंच घाई करतात.

आता खऱ्या भाषेच्या फाइली. त्या यूएसआरच्या आत शेअर अन् त्याच्या आत लोकेल नावाच्या फोल्डरमधे असतात, एकेका भाषेचं एकेक फोल्डर, मराठीचं नाव एमआर. प्रोग्रामात मूळ इंग्रजी वाक्य आधीच लिहिलेलं असतं अन् ही फाइल म्हणजे फक्त 'ओपन'च्या जागी काय दाखवायचं याची वही. वही सापडली नाही तर तो गुपचूप इंग्रजी दाखवतो, म्हणून फ्रेंच-जर्मन काढल्याने काही बिघडत नाही. पण हाताने डिलीट करत बसू नका, पुढचा अपडेट आला की ते पॅकेज (प्रोग्रामचा गठ्ठा) आपल्या फाइली परत आणून ठेवतं, शेतातल्या हरळीसारखं. त्याच्यासाठी लोकेलपर्ज नावाचं पॅकेज आहे, टाकतानाच विचारतं की कोणत्या ठेवायच्या, तिथं इंग्रजीच्या अमेरिका अन् भारत दोन्ही, मराठी, अन् वाटलं तर हिंदी एवढ्यावर टिक करा. पुढे नवीन काही टाकलं तरी नको त्या भाषा ते बाहेरच ठेवतं. एकदा गेलेल्या फाइली मात्र पॅकेज परत टाकल्याशिवाय येत नाहीत. माझे यात पाव-अर्धा जीबी वाचले असतील, जास्त नाही.

आता माझी फजिती. मागे मे महिन्यात, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही अशी वेळ, मी बसल्या बसल्या साफसफाई काढली, अन् भाषेच्या फाइली म्हणता म्हणता फॉन्टपण उडवले. लोहित काय, नोटो काय, कशाला पाहिजे इतके? दुसऱ्या दिवशी एक शेतकरी पीक विम्याचा फॉर्म भरायला आला, पान उघडलं तर सगळे चौकोनच चौकोन. तो वाकून बघतो अन् म्हणतो, "हाई काय शे भाऊ?" मी काय सांगू! लोहित देवनागरी परत टाकायला पाच मिनिटं लागली, तेवढ्यात तो शेजारच्या दुकानात जाऊन बसला होता. तर फॉन्ट अन् भाषांतर या वेगळ्या गोष्टी आहेत, मेनू इंग्रजीत ठेवला तरी मराठी वाचायला देवनागरी फॉन्ट लागतोच. चायनीज-जपानी-कोरियनचा नोटो सीजेके मात्र खुशाल काढा, तो चांगला जाडजूड असतो.

जाता जाता एक गंमत. यूएसआर, शेअर, मग आय-अठरा-एन, त्यातलं लोकेल्स हे फोल्डर बघा. तिथं कोणत्या भाषेत वार-महिने काय म्हणायचे, तारीख कशी लिहायची एवढंच लिहिलेलं असतं, मेनूचं भाषांतर नाही. तिथं मराठी आहे, कोकणी आहे, अन् आपल्या नंदुरबारकडची भिली पण आहे, बीएचबी नावाने. मी लगेच अहिराणी शोधली. आंतरराष्ट्रीय यादीत तिला एएचआर असा कोड आहे, पण इथं फाइल नाही. भिलीची फाइल दोन-चार केबीची, ती काढून काय मिळणार, राहू द्या.

जागा खरी कुठं जाते ते बघायचं तर आधी टर्मिनलमधे सुडो ॲप्ट क्लीन मारा (टाइप इंग्रजीतच करायचं), अपडेटच्या उतरवलेल्या फाइली बऱ्याचदा तशाच पडून असतात. मग सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह, त्यात जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा, त्याच्या जुन्या आवृत्त्या) निघतात. लॉग (सिस्टिमच्या नोंदी) फुगलेले असतील तर जर्नल-सीटीएल या कमांडच्या व्हॅक्यूमने ते १०० एमबीवर आणा. फ्लॅटपॅक (ॲप टाकायची वेगळी पद्धत) वापरत असाल तर त्याचे न वापरलेले रनटाइम, म्हणजे ॲपला लागणाऱ्या सामायिक फाइली, काढा. माझ्या मशीनवर भाषांपेक्षा कितीतरी जास्त जागा एवढ्यातच सुटली.

अन् भावाच्या मॅकवरच्या भाषा काढायचंही विचारलंय, त्याला हात लावू नका. पूर्वी त्यासाठी मोनोलिंग्वल नावाचं टूल लोक वापरायचे, आता २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून सिस्टिमचा भाग फक्त वाचण्यापुरता असतो अन् २०२० च्या बिग सरपासून त्याला सीलच मारलेलं असतं. ॲपच्या आतल्या भाषा काढल्या तर ॲपची डिजिटल सही बिघडते, मग ते कधी उघडेल, कधी रुसेल. विंडोजवाल्यांनी सेटिंगमधल्या भाषेच्या पानावरून नको ती भाषा रिमूव्ह करावी, बस.

तुम्ही आधी ते ॲप्ट क्लीन अन् ऑटोरिमूव्ह करून किती जीबी सुटले ते इथंच लिहा, त्याच्यावर भागलं तर लोकेलपर्जच्या भानगडीत पडायची गरजच नाही.