वाचकांचे प्रश्न: रेडवुडच्या रानातली जमीन

प्रश्न: आम्ही सॅन होजेत राहतो. सांताक्रूझच्या डोंगरात बोल्डर क्रीकजवळ थोडी जागा घेतली आहे. तिथे रेडवुडचे जुने बुंधे आहेत. त्यांच्यावर खाचा आहेत आणि भोवती नव्या झाडांचं रिंगण आहे. तिथे पूर्वी काय चालायचं, ते कसं शोधावं? सातबारासारखा उतारा मिळतो का?

उत्तर: मालक आणि पीक एकाच कागदावर दाखवणारा उतारा तिथे नाही. मालकी काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात सापडते, जमिनीचा वापर मात्र दहा ठिकाणी शोधावा लागतो.

आधी बुंधे नीट पाहा. रेडवुडचा पाया फुगीर आणि तिथलं लाकूड पिळाचं, म्हणून तोडणारे खाचेत फळी ठोकून वर उभे राहत आणि कुऱ्हाड व दोघांनी ओढायची करवत चालवत. उंच बुंधा आणि खाचा असतील तर तोड यांत्रिक करवतीच्या आधीची. जमिनीलगत सपाट कापलेला बुंधा बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. भोवतीचं रिंगण बुंध्याच्याच फुटव्यांचं असतं. त्यांची वलयं मोजली तर तोडीचा अंदाज येतो, पण रेडवुडची वलयं काही वेळा अर्धवट राहतात. म्हणून नमुना शक्य तितका खालून, दोन बाजूंनी घ्या आणि येणारा आकडा किमान वय समजा.

मग कागद. करबिलावरचा पार्सल, म्हणजे भूखंड क्रमांक घ्या आणि रेकॉर्डरच्या ‘ग्रँटी’ म्हणजे घेणाऱ्यांच्या सूचीत स्वतःचं नाव काढा. विकणाऱ्याचं नाव मिळालं की तेच पुन्हा त्याच सूचीत शोधत मागे जा. प्रत्येक दस्ताचा पुस्तक व पान क्रमांक टिपा. साखळी तुटली तर वारसा प्रकरणं कोर्टात पाहा. इथे बहुतेक जण एक चूक करतात: ‘ग्रँटर’ म्हणजे देणाऱ्यांची सूची उघडतच नाहीत. जमीन स्वतःकडे ठेवून फक्त उभं लाकूड विकल्याचे किंवा रेल्वेला वाट दिल्याचे दस्त तिथेच सापडतात. प्रत्येक मालकाचं नाव त्याच्या मालकीच्या सगळ्या वर्षांत तपासा.

जमिनीवरच्या खुणांसाठी यूएसजीएस या सरकारी भूसर्वेक्षण संस्थेचा लायडार नकाशा, म्हणजे विमानातून लेसरने टिपलेला जमिनीचा चढउतार, मोफत मिळतो. झाडोरा वजा केलेल्या त्या चित्रात एकसारख्या उताराची लांब पट्टी दिसली तर ती बहुधा जुनी रेल्वे. चढावरून एकाच बिंदूकडे येणारे चर म्हणजे दोरांनी ओंडके ओढल्याची जागा, आणि असं ओढणारं वाफेचं ‘डाँकी’ यंत्र जॉन डॉलबीरने युरेकात 1881 च्या सुमारास आणलं. नागमोडी वाटा ट्रॅक्टरच्या. त्याच जागेची जुनी हवाई छायाचित्रं यूसी सांता बार्बरा विद्यापीठाच्या ‘फ्रेमफाइंडर’ संकेतस्थळावर जुळवून पाहा. कॅलिफोर्नियाच्या 1973 च्या वनकायद्यानंतरच्या तोडीचे आराखडे कॅल फायरकडे, म्हणजे राज्याच्या वन व अग्निशमन खात्याकडे असतात.

एक मात्र ध्यानात घ्या, प्रत्येक बुंधा फळ्यांसाठी तोडलेला नसतो. सांताक्रूझात चुन्याच्या भट्ट्यांनी रेडवुड सरपण म्हणून जाळलं, आणि टॅनओक या दुसऱ्या झाडाची साल कातडी कमावायला गेली.

प्रश्न: हम्बोल्ट काउंटीतल्या जमिनीच्या पहिल्या सरकारी पेटंटवर (सरकारने जमीन दिल्याच्या मूळ दस्तावर) एका माणसाचं नाव आहे. पण तो तिथे राहिल्याचा मागमूसही नाही. असं का?

उत्तर: 1878 च्या ‘टिंबर अँड स्टोन’ कायद्याखाली 160 एकर जंगल अडीच डॉलर एकराने मिळे, आणि घेणाऱ्याने ते स्वतःसाठी असल्याची शपथ घ्यायची असे. हम्बोल्टमध्ये दलालांनी खलाशांना व मजुरांना पुढे करून अर्ज भरले आणि जमिनी कंपन्यांच्या घशात गेल्या. हे हस्तांतर पेटंट हाती येण्याआधीच होत असे. म्हणून पेटंटच्या तारखेच्या दोन-तीन वर्षं आधीपासून ग्रँटर सूची चाळा. पेटंटची प्रत बीएलएम या केंद्रीय जमीन खात्याच्या जीएलओ (जुन्या जमीन नोंदींच्या) संकेतस्थळावर मिळते. तिथे हम्बोल्ट मेरिडियन, म्हणजे जमीन मोजणीची आधाररेषा निवडा, कारण माउंट डायब्लो निवडलं तर त्याच आकड्यांची भलतीच जमीन समोर येईल. अर्जाची जाहिरात वर्तमानपत्रात द्यावी लागे आणि तिच्यात साक्षीदारांची नावं असत. शेजारच्या सेक्शनांच्या (मोजणीतल्या चौकोनी तुकड्यांच्या) जाहिरातींतही तेच साक्षीदार पुन्हापुन्हा भेटले, तर ते अर्ज एकाच दलालाचे असण्याची शक्यता मोठी.