व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन या संगीतगृहात कमी खर्चात मैफल ऐकता येते का?

हो, उभ्याचं तिकीट काढा. तिथल्या गोल्डन हॉल या मुख्य सभागृहात अगदी मागे उभं राहून ऐकायची जागा असते आणि ती बसायच्या तिकिटाच्या मानाने फारच स्वस्त पडते. दिसतं कमी, पण ऐकण्यात काही उणं राहत नाही. १८७० सालचा हा लांबट, उंच हॉल. लाकडी जमिनीखाली पोकळी, वर टांगलेलं छत, त्यामुळे आवाज छान घुमतो. डबल बास या भल्यामोठ्या तंतुवाद्याचा खर्ज पायांना जाणवतो! कठड्याला टेकायचं तर दारं उघडायच्या आधी पोचा. कोट क्लोकरूममध्ये ठेवावा लागतो. सिंफनी म्हणजे वाद्यवृंदाची अनेक भागांची रचना; तिच्या दोन भागांमध्ये टाळ्या नाहीत, आपल्यासारखी मध्येच ‘वाहवा’ही नाही. रस्त्यावर विग घालून तिकिटं विकणारे भेटतील. ते खास पर्यटकांसाठीचे कार्यक्रम. त्यापेक्षा कोणता वाद्यवृंद वाजवणार ते हॉलच्या वेबसाइटवर बघून तिथूनच तिकीट घ्या.